दोन रेघांची ओढ

४ मार्च

बारक्यास बापाचं सांगणं,

वजनाचा काटा पाठवला आहे. पेटीला आतून घोड्याचं जुनं कांबळं लावलंय आणि वरून दोन पट्टे आवळलेत. मालगाडीच्या माणसाला सांगून सांगून थकलो की आडवा ठेवू नकोस. तो हो हो म्हणाला, म्हणजे आडवाच ठेवणार. पोचल्यावर आधी काच बघ, मग सुई शून्यावर आहे का ते बघ, मग मला कळव. जेवण त्यानंतर. त्या दिवशी नाही जेवलास तरी चालेल.

तू म्हणशील, तिकडे काय काटे नाहीत? आहेत. रेसकोर्सच्या वजनाच्या खोलीत आहे, ट्रेनरच्या घरी आहे. पण ते परके. या काट्यावर तू दुधाच्या दातांपासून उभा राहिला आहेस. मालकांनी पागा विकली तेव्हा कुणी जीन मागून घेतलं, कुणी कंदील. मी काटा मागितला. सगळे हसले. त्याचं सील अजून तसंच आहे, आतल्या स्प्रिंगला कुणाचा हात लागलेला नाही. निघायच्या सकाळी बूट घालून, जीन हातात धरून तू त्यावर अठ्ठेचाळीस किलो भरलास. सुई रेघेवर अशी बसली होती की मी श्वास रोखून धरला.

हा आकडा विसरू नकोस. ट्रेनरने स्वच्छ लिहिलं होतं. जुलैच्या मोठ्या शर्यतीत राखाडी घोडीवर अठ्ठेचाळीसच्या वर न जाणारा माणूस हवा, आणि जो बसेल तो त्याच्या पागेचा कायमचा जॉकी. नाही जमलं तर परतीचं तिकीट. परत येऊन काय करशील? माझ्यासारखा मोतद्दार होशील, दुसऱ्यांच्या घोड्यांची लीद काढशील आणि दुसऱ्यांची पोरं त्यांच्यावर बसलेली बघशील. मीही जॉकीच होणार होतो. सोळाव्या वर्षी हाडं वाढली. हाडांवर कोण रागावणार? तुझी मी वाढू दिली नाहीत, एवढं मात्र माझ्या हातून नीट झालं.

काटा शेगडीच्या खोलीत ठेव, फार जवळ नको. तिकडे थंडी आहे म्हणतात आणि थंडीने स्प्रिंग आखडते. जमीन सपाट पाहिजे. दुसऱ्या कुठल्याही काट्याचं ऐकू नकोस. हा तुझ्याशी खोटं बोलायला शिकलेला नाही.

तुझी आई म्हणते, अंगभर गरम कपडे घाल असं लिही. लिहिलं.

बाप

२९ मार्च

बारक्या,

दोन रेघा वर, असं तू लिहिलंस. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तरी दोनच.

आपल्या काट्यावर एक रेघ म्हणजे शंभर ग्रॅम. दोन रेघा म्हणजे एक भरलेला पेला पाणी. एवढं तू कुठून आणलंस? प्रवासात काही खाल्लं नाही म्हणतोस. गाडीत समोर कुणी बाई बसली होती का? असणारच. तुझ्याकडे बघून बायकांना पाव द्यावासा वाटतो, हे मी तुझ्या लहानपणापासून बघतोय. तिने दिला असेल, तू नको म्हणाला असशील, तिने पुन्हा दिला असेल. मी रागावत नाही. फक्त खरं काय ते सांग.

नसेल खाल्लं तर केस ओले होते का? बूट तेच आहेत ना? जीनला तेल लावलंस का? तेल फार पिऊन जातं चामडं. खाली लाकडाची जमीन असेल तर ती मध्ये खचते, एका जागी उभा राहून बघ, मग दुसऱ्या. सुई शून्यावर होती असं लिहिलं आहेस, पण दिवसा उजेडात बघितलंस की कंदिलात?

रेसकोर्सच्या काट्यावर बरोब्बर अठ्ठेचाळीस भरलास म्हणून तू खुशीत दिसतोस. परका काटा पाहुण्याशी गोडच बोलणार. उद्या कुणी कडक कारकून बसला म्हणजे? तेव्हा कुणाकडे बघशील? घरच्या माणसासारखा कडू बोलणारा एक काटा जवळ असावा, म्हणून तर तो मी एवढ्या लांब धाडला.

दोन रेघा उतरव. कशा, ते तुला ठाऊक आहे.

माझा खोकला आहे तसाच. मागच्या भिंतीला ओल आली आहे. आईने काही लिहायला सांगितलं होतं, ते आठवत नाही.

१८ एप्रिल

शाब्बास. पत्र वाचून मी दारात जाऊन उभा राहिलो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला उगाच हाक मारली. आपल्या काट्यावर अठ्ठेचाळीस, आणि पहिल्याच शर्यतीत चौथा. चौथा म्हणजे काही पहिला नव्हे, पण घोडा तुझ्या ओळखीचा नव्हता.

तुला एका गोष्टीचं वाईट वाटलेलं दिसतं. त्यांच्या काट्यावर तू कमी भरलास, आणि कारकुनाने हसत हसत शिशाच्या दोन पट्ट्या दिल्या, जीनखालच्या कापडाच्या कप्प्यात घालायला, म्हणजे वजन नेमाइतकं व्हावं. बाकीचे जॉकी म्हणाले, हा पोरगा अंगातलं काढून पिशवीत घालतो.

त्यांना म्हणू दे. बारक्या, मी आयुष्यभर घोड्यांच्या पाठींना खरारा केला आहे, मला विचार. शिसं पाठीवर स्वस्थ बसतं. मांस वळवळतं. मांसाला भूक लागते, मांसाला झोप येते, मांसाला आई आठवते. जॉकीच्या अंगावर मांस जेवढं कमी आणि कप्प्यात शिसं जेवढं जास्त, तेवढी घोडी सुखी. हे मला कुणी शिकवलेलं नाही.

हा मजकूर मी आईला वाचून दाखवला. ती भांडी घासत होती. म्हणाली, शिसं घालायचंच आहे तर तेवढंच दूध घालायला काय हरकत आहे? तिला यातलं काही कळत नाही. तरी आपलं सांगायचं म्हणून सांगितलं.

शिशाच्या पट्ट्यांना हात लावल्यावर हात धू. ते पोटात जाऊ नये म्हणतात.

११ मे

बारक्या,

तुझ्या या पत्राने माझी झोप उडाली आहे, तेव्हा अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे.

तुला कुणी सांगितलं होतं कारकुनाची शिक्क्याची वजनं उसनी आणून आपल्या काट्यावर ठेवायला? बापाच्या काट्याची परीक्षा घेतलीस. चाळीस किलो लोखंड ठेवलं आणि सुई चाळीसच्या दीड रेघेहून पुढे गेली, हे तू असं लिहिलंस जसा मला चोरी करताना पकडला. वर तो कारकून म्हणे सांगतो की काटा बिघडलेला नाही, तिकडची जमीनच जास्त ओढते. आणि तो म्हणाला की सील काढून आतल्या स्क्रूला दोन फेरे दिले की काटा तिकडच्या जमिनीला जुळेल. खबरदार. सीलला हात लावायचा नाही.

मी ते पत्र घेऊन शाळेच्या मास्तरांकडे गेलो. मनात म्हटलं, मास्तर हसतील आणि विषय मिटेल. मास्तर हसले नाहीत. त्यांनी टेबलावरचं संत्रं उचललं आणि वरून खालून दाबलं. म्हणाले, पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून कमरेशी अशी फुगली आहे. आपण बसलोय तिच्या कमरेवर, त्यातही डोंगराच्या माथ्यावर, म्हणजे तिच्या मध्यापासून सगळ्यात लांब. शिवाय फिरताना ती आपल्याला जराशी बाहेर झुगारते. म्हणून इथं ओढ कमी. तुमचा मुलगा आहे वरच्या अंगाला, जिथं ती चपटी आहे, आणि समुद्राच्या काठाला. तिथं ओढ जास्त. तराजू असता तर फरक कळलाच नसता, कारण तराजूत समोरचं मापही तेवढंच जड होतं. तुमचा काटा स्प्रिंगचा, तो ओढ मोजतो. तो इथं खरा आहे आणि तिथं नाही. मग त्यांनी कागदावर गणित केलं आणि अठ्ठेचाळीस किलोमागे आले सुमारे दोनशे ग्रॅम.

मी विचारलं, म्हणजे पोराच्या अंगावर तिकडे गेल्यावर काही चढलं का? ते म्हणाले, काही नाही. मांस तेवढंच, हाड तेवढंच. ओढ वाढली.

घरी येऊन मी हे सगळं तुझ्या आईला सांगितलं. वाटलं, तिला गंमत वाटेल. ती म्हणाली, "इथं ओढ कमी आहे, हे सांगायला मास्तर कशाला हवेत?"

तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस. काय करायचं ते मी ठरवून कळवतो. तोपर्यंत दोन रेघा खालीच राहा. आपल्या काट्यावर अठ्ठेचाळीस.

१९ मे

ठरवलं.

तुझा कारकून बरोबर आणि मास्तरही बरोबर, हे मी मान्य केलं. पण वजनाच्या खोलीतला काटा काही पळत नाही. पळते घोडी. घोडीला तुझं मांस किती हे कळत नाही, तिला ओढ कळते. तिकडे ओढ जास्त, म्हणजे तिच्या पाठीवर तू खरोखरच दोन रेघा जास्त आहेस. म्हणजे आपला काटा बोलला ते घोडीच्या मनातलं बोलला. तेव्हा त्याचंच ऐकायचं.

हे मी मास्तरांना ऐकवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, अहो, घोडी स्वतःही तेवढीच जास्त ओढली जाते, शेजारचा घोडाही, शेजारचा जॉकीही. मी म्हटलं, मग ज्याने दोन रेघा उतरवल्या तो सगळ्यांच्या पुढे. ते म्हणाले, "आणि तुम्ही उतरवलेल्याच्या जागी कारकून जे शिसं घालतो, ते काय आकाशातून लटकतं?"

मी उठलो. उत्तर नंतर बरंच शोधलं, सापडलं नाही. पण बारक्या, कारण सांगता येत नाही म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही. मास्तर कधी घोड्यावर बसलेले नाहीत. मी जन्मभर ज्या काट्यावर भरवसा ठेवला तो एका संत्र्यापायी सोडू म्हणतोस? आज दोन रेघा सोडल्यास की उद्या चार सुटतील. सवलत कुठून का येईना, पृथ्वीकडून आली तरी, ती घ्यायची नाही.

जुलैपर्यंतचीच गोष्ट आहे. एकदा कायमचा झालास की मग बघू.

मी मात्र एका गोष्टीने हादरलोय. मी तिकडे जन्मलो असतो तर सोळाव्या वर्षी आणखी जड भरलो असतो. म्हणजे इथं जन्मलो हे नशीबच म्हणायचं, आणि त्या नशिबाचा मला काही उपयोग झाला नाही.

६ जून

बारक्या,

तिसरा आलास, आणि उतरल्यावर वजनाच्या खोलीत पडलास. या दोन्ही गोष्टी तू एकाच ओळीत लिहिल्यास. पडलास म्हणजे काय? घेरी आली की तोल गेला? बसून घ्यायचं होतं. लोकांसमोर पडू नये. लोक लगेच ट्रेनरच्या कानाला लागतात, आणि ट्रेनर लोकांना पडणारा जॉकी नको असतो.

तू विचारतोस, शर्यतीच्या सकाळी एक पेला पाणी घेऊ का? कारकून म्हणतो, घे, तेवढीच शिशाची पट्टी कमी होईल, नेमात बसतं. मला ठाऊक आहे, नेमात बसतं. मी कुठे नाही म्हणतोय? पण आपल्या काट्यावर बसत नाही. तेव्हा नको. चूळ भर आणि थुंक. जीभ ओली झाली की तहानेला वाटतं आपल्याला दिलं.

आता दुसरी गोष्ट. तुला मास्तरांच्या अक्षरात एक पत्र येईल. उघडू नकोस असं म्हणत नाही, पण कुणाचं आहे ते समजून उघड. तुझी आई परस्पर त्यांच्याकडे गेली आणि तिने ते लिहवून घेतलं. मला कळलं ते पोस्टमनकडून, म्हणजे गावाला आधी आणि मला नंतर. मी तिला विचारलं, माझ्या पत्रात लिहायला सांगायचंस, मी कधी नाही म्हटलं? ती म्हणाली, मी सांगते ते तुमच्या पत्रात जातच नाही. सगळं कसं जाईल? कागद केवढा असतो.

मी म्हटलं, त्याचं भलं माझ्याइतकं कुणाला कळत नाही. त्यावर ती काय म्हणाली ते लिहितो, म्हणजे तुला तिच्या मनाची कल्पना येईल. "तुमची हाडं वाढली, त्याचा सूड तुम्ही त्याच्या पोटावर उगवताय." बायको चाळीस वर्षं घरात असते आणि आपल्याला वाटतं ती भांडीच घासतेय.

तिच्या पत्रात 'पाणी पी' असं असेल. अक्षर मास्तरांचं आहे, शब्द तिचे आहेत, पण तुला घोड्यावर बसवलं मी. काय करायचं ते तू ठरव. मी काही बोलणार नाही. फक्त एवढंच सांगतो की तू तिचं ऐकलंस तर मला इकडे कळेल. कसं ते विचारू नकोस.

२७ जून

पत्र मिळालं. बाबा म्हणतील तसं, असं लिहिलंस. मी ते वाक्य तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवलं. ती उठून मागच्या दाराने बाहेर गेली.

हिरड्यांतून रक्त येतं म्हणतोस. ब्रश मऊ घे. बोटं गार पडतात, तर हातमोजे घाल, पण लगाम धरताना काढ, लगाम बोटांना कळला पाहिजे. लघवीचा रंग वगैरे पत्रात लिहीत जाऊ नकोस, पत्र कुणीही उघडतं.

राखाडी घोडी तुझ्याच नावावर लागली. मी अजून कुणाला सांगितलं नाही, दृष्ट लागते. पोस्टमनला तेवढं सांगितलं.

१८ जुलै

बारक्या,

शर्यत होऊन किती दिवस झाले, तुझं काही नाही. इथल्या वर्तमानपत्रात तिकडच्या शर्यती येत नाहीत. रेडिओवाल्या दुकानदाराकडे रोज जाऊन बसतो. तो म्हणतो, बाबा, हा रेडिओ आहे, दुर्बीण नव्हे.

जिंकला असशील तर सत्कारात अडकला असशील. हरला असशील तरी लिही. मी काही खाणार नाही तुला. दुसरा आला असशील आणि लाजत असशील, तर दुसराही चालतो, ट्रेनर दुसऱ्यालाही ठेवतात, मी पाहिलं आहे. एक ओळ लिही. नाहीतर नुसता आकडा लिही, मी समजेन.

आई ताट ठेवते आणि जाते.

पोस्टमन आता माझ्या गल्लीत शिरताना घंटी वाजवत नाही. मी विचारलं, का रे? म्हणाला, तुमचं काही नसताना तुम्ही धावत येता, मला बघवत नाही.

५ ऑगस्ट

बारक्या,

ट्रेनरचं पत्र आलं. ते तुझ्या आईच्या नावाने होतं, म्हणून ती ते थेट मास्तरांकडे घेऊन गेली. मी मागोमाग गेलो आणि दाराशी उभा राहून ऐकलं.

शेवटच्या वळणापर्यंत तू दुसरा होतास. मग तू जीनवर झुललास, जणू झोप आली, आणि कठड्याच्या बाजूला कललास, आणि घोडी तुझ्याबरोबर खाली आली. ती उठली. तू तिच्याखाली होतास. डावा पाय फार वाईट मोडलाय. ट्रेनर लिहितो, मला माहीत असतं की या मुलाच्या पोटात सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, तर मी त्याला पागेतच अडवलं असतं. त्याने लिहिलंय की तुला पुन्हा घेता येणार नाही, आणि त्याला वाईट वाटतं.

आता मी सांगतो ते ऐक. घोडीचा तंग ढिला असणार. तंग ढिला असला की जीन सरकतं आणि वरचा माणूस झुलल्यासारखा दिसतो. मी असे कितीतरी पाहिलेत. तंग कुणी आवळला होता? त्याचं नाव लिहून घे. आणि जुलैत तिकडे दव पडतं का? वळणावरचं गवत ओलं होतं का? ट्रेनर हे काही लिहीत नाही. आपल्या अंगावर येणारं कोण लिहितो?

त्या सकाळी तू आपल्या काट्यावर किती होतास, तेही त्याने लिहिलेलं नाही. अठ्ठेचाळीसच असशील. मला खात्री आहे. तरी कळव.

तुझी आई दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. कधी एकटी बाजारापलीकडे गेलेली नाही. मी म्हटलं, तुला पत्ता वाचता येत नाही, तू पोचणार कशी? ती म्हणाली, विचारत विचारत. मी म्हटलं, बरं, येताना त्याला घेऊन ये, आणि काटाही आण, पेटी तीच वापर, कांबळं आत आहे. ती दारात उभी होती. चपला घातल्या होत्या.

"तुमचा काटा तिथेच राहील," ती म्हणाली. "आणि पोरगाही."

मी तिला स्टेशनपर्यंत पोचवायला निघालो होतो. तिने मागे वळून नुसतं बघितलं, तसा मी थांबलो.

ती पोचली का ते कळव. तिच्या पिशवीत मी तिच्या नकळत माझा चष्म्याचा जुना डबा टाकलाय, त्यात सुई-दोरा आणि गोळ्या आहेत.

९ सप्टेंबर

बारक्या,

या वेळी पत्र वजनाच्या खोलीतल्या कारकुनाच्या हातचं आलं. अक्षर सरळ आहे. आई सांगते आणि तो लिहितो, असं दिसतं. तुझी एकही ओळ त्यात नाही. हाताला तर काही झालं नव्हतं ना?

पाय गेला. गुडघ्याखाली, असं त्याने लिहिलं आहे. मी ते वाचून कागद उलटा करून पाहिला, मागे काही आणखी आहे का म्हणून.

कारकुनाच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत तुम्ही राहता. तुला शर्यतीच्या दिवशी वजनाच्या खोलीत मदतीला घेणार आहेत, बसून करायचं काम आहे. आई तुला दर रविवारी धरून काट्यावर उभं करते आणि तू किती चढलास ते बघते. काटा आपलाच. त्या माणसाने सील काढलं आणि आत दोन फेरे दिले. आता तो तिकडच्या जमिनीला बरोबर दाखवतो म्हणे. एवढ्या वर्षांत त्या स्प्रिंगला कुणाचा हात लागला नव्हता. मला एका शब्दाने विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे तिला ठाऊक होतं.

इकडची भिंत पार ओलसर झाली. सकाळी मी अंडं उकडून खातो. ते कधी कच्चं राहतं, कधी फुटतं. आई पाणी उकळल्यावर टाकायची की आधी, हे तिला विचारून लिहव.

मी मास्तरांकडे गेलो होतो. एकच गणित हवं होतं. मी म्हटलं, पाय वजा करून पोराचं वजन जे राहिलं असेल, त्याच्यामागे इथं ओढ किती कमी? ते उठले. म्हणाले, "असलं गणित मी करत नाही," आणि दार लावून घेतलं.

म्हणून मीच केलं. दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच आलं. पाय गेल्यामुळे दोन रेघा पुऱ्या होत नाहीत, पावणेदोन होतात. म्हणजे तू इथं आलास की काही न करता पावणेदोन रेघा हलका. कुबडी काखेत रुतते ना, ती तेवढी कमी रुतेल. एका पायावर उभा राहशील तर त्या पायावर तेवढं कमी येईल. एका पावलाला काही वाटणार नाही, पण दिवसभराची पावलं धर. हे मी मनचं सांगत नाही, तुझ्या कारकुनाला विचार, तो नाही म्हणणार नाही. तिकडची जमीन तुझ्यासारख्यासाठी बरी नव्हे. आईचे गुडघेही दुखतात, तिलाही फरक पडेल. दोघं या.

खायला जे हवं ते खा. मी बघायला येणार नाही.

कुबडी अडकू नये म्हणून सुताराला बोलावून दाराचा उंबरा काढून टाकलाय. तो म्हणाला, आधी येऊ तर द्या, मग काढू. मी म्हटलं, काढ. आता दार खाली टेकत नाही. फटीतून बोटभर उजेड आत येतो, आणि बाहेरून कुणी गेलं की त्यात सावली हलते. प्रत्येक वेळी मी उठतो.

बाप